कडधान्ये : शेतापासून ताटापर्यंत – बेंगळुरूच्या स्वयंपाकघराचा अभ्यास

बेंगळुरू शहराच्या नावाविषयी एक आख्यायिका सर्वश्रुत आहे. होयसळ राजा वीर बल्लाळ दुसरा हा शिकारीत वाट चुकला, एका वृद्धेने त्याला उकडलेली कडधान्ये खाऊ घातली, आणि त्यावरून त्या जागेस ‘बेंद काळु ऊरु’ म्हणजे शिजवलेल्या कडधान्यांचे गाव असे नाव पडले, असे सांगितले जाते. इतिहास या कथेला दुजोरा देत नाही. बेगूर येथील इ. स. ८९० च्या सुमाराच्या शिलालेखात ‘बेंगळुरू’ हे नाव आढळते, आणि वीर बल्लाळाचा काळ त्यानंतर सुमारे तीनशे वर्षांचा आहे. तरीही ही कथा टिकून राहिली, कारण ज्या प्रदेशात ती सांगितली जाते तेथील रोजच्या आहाराशी ती सुसंगत आहे. नाचणी, भात आणि कडधान्ये यांवर दक्षिण कर्नाटकातील जेवण पिढ्यानपिढ्या उभे आहे.

कडधान्यांची चर्चा सामान्यतः क्षेत्र, उत्पादकता, हमीभाव आणि आयात या चार शीर्षकांखाली केली जाते. स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थीही हा विषय त्याच क्रमाने अभ्यासतात. परंतु या साखळीतील शेवटचा दुवा स्वयंपाकघर हा आहे. शेतात पिकलेल्या आणि बाजारातून घरी आलेल्या धान्यातील किती पोषण प्रत्यक्ष शरीराला मिळते, हे भिजवणे, मोड आणणे आणि शिजवणे या तीन क्रियांवर अवलंबून असते. म्हणून कडधान्यांच्या अर्थशास्त्राचा अभ्यास पातेल्यापर्यंत नेणे आवश्यक आहे.

कडधान्य आणि डाळ

मराठीत ‘कडधान्य’ आणि ‘डाळ’ असे दोन वेगळे शब्द आहेत. कन्नडमध्येही ‘काळु’ म्हणजे अख्खे दाणे आणि ‘बेळे’ म्हणजे सालरहित, दुभंगलेली डाळ असा भेद केला जातो. हा भेद आर्थिकदृष्ट्या महत्त्वाचा आहे. तुरीच्या दाण्यात सालीचे प्रमाण सुमारे ११ ते १५ टक्के असते. म्हणजे सिद्धान्ततः १०० किलो तुरीपासून ८५ किलोच्या आसपास डाळ मिळावयास हवी. पारंपरिक पद्धतीच्या गिरणीत मात्र साधारणतः ७० ते ७५ किलो डाळ हाती येते. उरलेला भाग चुणी आणि टरफल या रूपाने पशुखाद्यात जातो. ही घट कमी व्हावी म्हणून म्हैसूर येथील केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने, जिची स्थापना १९५० मध्ये झाली, सुधारित डाळ प्रक्रिया आणि लहान डाळ गिरणी विकसित केली.

अख्खे मूग, मटकी, चणे वा हुलगे घरी आणून शिजविल्यास गिरणीतील ही घट होतच नाही, आणि सालीतील तंतुमय पदार्थही आहारात येतात. याची किंमत मात्र वेळ आणि इंधन यांच्या रूपाने मोजावी लागते. डाळ लवकर शिजते, अख्खे दाणे उशिरा शिजतात. कडधान्य की डाळ, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक कुटुंब बाजारभाव, इंधन आणि वेळ या तिन्हींचा हिशेब करूनच देत असते.

उपलब्धतेचे चित्र

भारत हा कडधान्यांचा जगातील सर्वांत मोठा उत्पादक, सर्वांत मोठा ग्राहक आणि सर्वांत मोठा आयातदार देश आहे. १९५०-५१ मध्ये देशाचे उत्पादन सुमारे ८४ लाख टन होते. २०१७-१८ मध्ये ते सुमारे २५४ लाख टनांवर गेले. वाढ झाली, परंतु प्रदीर्घ काळ ती लोकसंख्येच्या मागे राहिली. दरडोई दररोजची निव्वळ उपलब्धता १९५१ मध्ये ६०.७ ग्रॅम होती, १९६१ मध्ये ६९ ग्रॅम झाली आणि २००१ मध्ये ३० ग्रॅमपर्यंत घसरली. हरितक्रांतीने गहू व भात यांना सिंचन, बियाणे आणि खात्रीची खरेदी दिली. कडधान्ये बव्हंशी कोरडवाहू जमिनीवरच राहिली. २०११ मध्ये हे प्रमाण ४३ ग्रॅमपर्यंत सुधारले.

टंचाईचा फटका किती तीव्र असतो, हे २०१५ मध्ये दिसून आले. त्या वर्षी तूरडाळीचा किरकोळ भाव किलोला सुमारे २०० रुपयांपर्यंत पोहोचला. त्यानंतर केंद्र शासनाने कडधान्यांचा राखीव साठा उभारला आणि २०१६ मध्ये त्याची मर्यादा २० लाख टनांपर्यंत वाढविली. २०१६ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय कडधान्य वर्ष म्हणून पाळले. २०१९ पासून १० फेब्रुवारी हा जागतिक कडधान्य दिन मानला जातो. ऑक्टोबर २०२५ मध्ये ११,४४० कोटी रुपये खर्चाच्या कडधान्य आत्मनिर्भरता अभियानास मंजुरी मिळाली असून २०३०-३१ पर्यंत ३५० लाख टन उत्पादनाचे उद्दिष्ट ठेवण्यात आले आहे. तूर, उडीद आणि मसूर यांवर या अभियानाचा विशेष भर आहे.

उपलब्धता वाढविण्याचे हे प्रयत्न आवश्यकच आहेत. मात्र प्रतिव्यक्ती उपलब्ध ग्रॅम आणि शरीरात शोषले गेलेले पोषण या दोन भिन्न बाबी आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. कर्नाटकात हे प्रमाण ४७.८ टक्के होते. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत. त्यांपैकी एक असे की, कडधान्यांत लोह असूनही ते शरीराला सहज मिळत नाही.

भिजवणे : पहिली पायरी

कडधान्यांत साधारणतः २० ते २५ टक्के प्रथिने असतात. तृणधान्यांत कमी असलेले लायसिन हे अमिनो आम्ल त्यांत भरपूर असते. उलट कडधान्यांत कमी असलेले मेथिओनिन तृणधान्यांतून मिळते. त्यामुळे वरण-भात, भाकरी-उसळ अथवा बेंगळुरूच्या परिसरातील नाचणीची मुद्दे आणि हुरळी सारु, म्हणजे हुलग्याचे सार, या जोड्या पोषणदृष्ट्या परस्परपूरक ठरतात.

परंतु दाण्यात काही अडथळेही असतात. फायटिक आम्ल लोह आणि जस्त यांना बांधून ठेवते. सालीतील टॅनिन हेही लोहाच्या शोषणात बाधा आणते. ट्रिप्सिनरोधक द्रव्ये प्रथिनांचे पचन मंदावतात. रॅफिनोज आणि स्टॅचिओज या शर्करांचे विघटन करणारे विकर मानवी शरीरात नसल्याने त्या मोठ्या आतड्यात आंबतात आणि पोटात वायू धरतो. कडधान्ये ‘वातूळ’ असतात या लोकसमजुतीचे शास्त्रीय कारण हेच आहे.

रात्रभर, म्हणजे आठ ते बारा तास, भरपूर पाण्यात भिजविल्याने या शर्करांचा काही भाग पाण्यात उतरतो. भिजवलेले पाणी ओतून टाकून दाणे ताज्या पाण्याने धुतल्यास चणे, राजमा, हुलगे यांसारखी जड कडधान्ये पचनास हलकी होतात. त्या पाण्याबरोबर पाण्यात विरघळणारी काही जीवनसत्त्वेही जातात, हे खरे आहे. तथापि, जड कडधान्यांच्या बाबतीत या हानीपेक्षा लाभ अधिक असतो. भिजलेला दाणा निम्म्याहून कमी वेळात शिजू शकतो, म्हणून इंधनाची बचत हा त्याचा आणखी एक फायदा होय.

राजम्याविषयी विशेष दक्षता आवश्यक आहे. त्यात असलेले लेक्टिन हे द्रव्य कच्च्या अथवा अर्धवट शिजलेल्या दाण्यात विषारी ठरते. मंद आचेवर, उकळी न येता दाणे केवळ मऊ करणे धोक्याचे असते. भिजवलेले पाणी टाकून राजमा खळखळत्या उकळीत किंवा प्रेशर कुकरमध्ये पूर्ण शिजवणे हाच सुरक्षित मार्ग आहे.

मोड आणणे : लाभ आणि मर्यादा

भिजलेले दाणे ओलसर फडक्यात बांधून उबदार जागी ठेवले की त्यांना मोड येतात. मूग आणि मटकी यांना उन्हाळ्यात बारा तासही पुरतात, चण्यांना दीड दिवस लागू शकतो. बेंगळुरूत डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान १५-१६ अंश सेल्सिअसपर्यंत उतरते. त्या दिवसांत हाच काळ बराच वाढतो. म्हणून पुरचुंडी झाकलेल्या डब्यात किंवा स्वयंपाकघराच्या उबदार कोपऱ्यात ठेवली जाते.

मोड येताना दाण्यातील विकरे जागृत होतात. फायटेज हे विकर फायटिक आम्लाचे विघटन करते, वायू धरणाऱ्या शर्करा घटतात, आणि कोरड्या दाण्यात जवळजवळ नसलेले क जीवनसत्त्व तयार होते. क जीवनसत्त्व लोहाच्या शोषणास मदत करते. म्हणजे मोड आलेल्या कडधान्यात अडथळा कमी आणि साहाय्य अधिक, असा दुहेरी लाभ होतो.

येथे एक प्रचलित गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. मोड आल्याने प्रथिने दुप्पट होतात, असे अनेकदा सांगितले जाते. वस्तुतः एक वाटी मुगातील एकूण प्रथिने मोड आल्यावर लक्षणीय वाढत नाहीत. दाणे पाणी शोषतात, त्यांचे वजन दुपटीहून अधिक होते आणि त्यामुळे दर १०० ग्रॅममागे प्रथिनांचे प्रमाण उलट कमी दिसते. मोडांचा खरा लाभ प्रथिनांच्या प्रमाणात नसून पचनीयतेत आणि शोषणात आहे. पोषणविषयक आकडे वाचताना ते कोरड्या वजनाचे आहेत की ओल्या वजनाचे, हे पाहण्याची सवय विद्यार्थ्यांनी लावून घ्यावी.

दुसरी मर्यादा सुरक्षिततेची आहे. ओलावा आणि ऊब मोडांना जितकी मानवते तितकीच जीवाणूंनाही मानवते. २०११ मध्ये जर्मनीत ई. कोलाय जीवाणूच्या एका घातक प्रकाराची साथ आली आणि ५० हून अधिक व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्या साथीचा माग मोड आणलेल्या मेथीपर्यंत पोहोचला. म्हणून मोड आणताना स्वच्छ पाणी आणि उकळून धुतलेले फडके वापरावे, दाणे दिवसातून दोनदा धुवावेत, आणि बुळबुळीत झालेले वा वास येणारे मोड टाकून द्यावेत. लहान मुले, वृद्ध आणि गर्भवती स्त्रिया यांना मोड कच्चे न देता वाफवून देणे श्रेयस्कर. मराठी घरातील उसळ आणि कन्नड घरातील ‘उसली’ ही दोन्ही नावे जशी जवळची आहेत, तशीच कडधान्य शिजवून खाण्याची पद्धतही एकच आहे. वाफविताना क जीवनसत्त्वाचा काही अंश नष्ट होतो. तो वरून पिळलेल्या लिंबाने भरून निघतो.

शिजवणे : उंची, पाणी आणि आंबट

बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर वसले आहे. तेथे हवेचा दाब कमी असल्याने पाणी १०० नव्हे, तर सुमारे ९७ अंश सेल्सिअसला उकळते. उघड्या पातेल्यात चणे शिजण्यास मुंबईपेक्षा तेथे अधिक वेळ लागण्याचे हे एक कारण आहे. प्रेशर कुकरमध्ये दाब वाढल्याने उत्कलनबिंदू १२० अंशांच्या जवळपास जातो आणि हा फरक जवळजवळ पुसला जातो. भिजवलेल्या चण्यांसाठी पहिली शिटी झाल्यावर आच मंद करून पंधरा-वीस मिनिटे ठेवणे पुरेसे होते. मोठ्या आचेवर शिट्या मोजत राहिल्याने वाफ वाया जाते, दाणा लवकर शिजत नाही.

दुसरा घटक पाण्याचा. बोअरवेलच्या जड पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दाण्यातील पेक्टिनशी जोडले जातात आणि दाणा कठीण राहतो. बेंगळुरूच्या बाह्य भागांतील अनेक वस्त्या दीर्घकाळ बोअरवेल आणि टँकरच्या पाण्यावर अवलंबून होत्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये कावेरी पाणीपुरवठा योजनेचा प्रतिदिन ७७५ दशलक्ष लिटर क्षमतेचा पाचवा टप्पा सुरू झाला. तो शहरात समाविष्ट झालेल्या ११० गावांसाठी आहे. नळाला कोणते पाणी येते याचा संबंध डाळ शिजण्याच्या वेळेशी आणि पर्यायाने गॅसच्या खर्चाशी असा थेट पोहोचतो.

जड पाण्यावर उपाय म्हणून खाण्याचा सोडा घालण्याची पद्धत आहे. सोड्याने दाणे लवकर मऊ होतात, हे खरे. परंतु त्यामुळे ब-१ जीवनसत्त्वाचा मोठा नाश होतो. त्याऐवजी भिजविण्याचा काळ वाढविणे आणि शिजविण्यासाठी शक्य तेवढे मृदू पाणी वापरणे हितावह. तसेच चिंच, कोकम, टोमॅटो यांसारखे आंबट पदार्थ पेक्टिन विरघळू देत नाहीत. म्हणून सारु असो वा आमटी, चिंचेचा कोळ डाळ पूर्ण शिजल्यावरच घालावा. वर्षानुवर्षे उष्ण व दमट जागी साठविलेले दाणेही कठीण होतात. केवळ स्वस्त म्हणून जुने चणे घेतल्यास वाचलेले पैसे इंधनात खर्च होण्याचा संभव असतो.

पाणी वाया न घालविण्याची परंपरा

भिजवलेले पाणी टाकणे आणि शिजवलेले पाणी टाकणे यांत फरक आहे. शिजताना पाण्यात उतरलेली खनिजे आणि जीवनसत्त्वे उपयुक्त असतात. दक्षिण कर्नाटकातील ‘बस्सारु’ या पदार्थात कडधान्य आणि पालेभाजी एकत्र शिजवून पाणी निथळून घेतात. त्या पाण्याचे सारु होते आणि उरलेल्या चोथ्याची कोरडी भाजी. महाराष्ट्रात पुरणासाठी हरभऱ्याची डाळ शिजवून निथळलेल्या पाण्याची कटाची आमटी करतात. कर्नाटकात होळिगेबरोबर तसेच सारु केले जाते. शहाजीराजांकडे १६३८ नंतर बेंगळुरूची जहागीर आली, तेव्हापासून या शहराशी मराठी भाषकांचा संबंध आहे. दोन्ही प्रदेशांच्या स्वयंपाकघरांनी एकच काटकसर जोपासलेली दिसते.

भिजवलेली मूगडाळ, काकडी, खोबरे आणि लिंबू यांची कोसंबरी रामनवमीस केली जाते. चैत्रात महाराष्ट्रात भिजवलेली हरभऱ्याची डाळ वाटून कैरी घालून आंबेडाळ करतात. दोन्ही पदार्थांत डाळीतील लोहास लिंबाचे अथवा कैरीचे क जीवनसत्त्व जोडले जाते. जेवणास लागूनच घेतलेला चहा वा कॉफी मात्र याच्या उलट परिणाम करते. ती तास-दीड तासाने घेणे इष्ट.

पावट्याचे उदाहरण

बेंगळुरूचे वैशिष्ट्यपूर्ण कडधान्य म्हणजे अवरेकाई, अर्थात पावटा. बेंगळुरू, रामनगर आणि कोलार या पट्ट्यात ते नाचणीबरोबर मिश्रपीक म्हणूनही घेतात. पारंपरिक वाण दिवस लहान होऊ लागल्यावरच फुलतो. त्यामुळे ताज्या शेंगा डिसेंबर ते फेब्रुवारी या काळातच येतात आणि जानेवारीत शहरात अवरे मेळा भरतो. बेंगळुरूच्या कृषी विज्ञान विद्यापीठाने दिवसाच्या लांबीवर अवलंबून नसलेले हेब्बाळ अवरे-३ आणि हेब्बाळ अवरे-४ हे वाण विकसित केले. त्यामुळे हंगामाबाहेरही शेंगा मिळू लागल्या. एका जैविक गुणधर्मात बदल घडवून बाजाराचा हंगाम लांबविता येतो, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

ताजे दाणे भिजवून, चिमटीत दाबून साल काढलेल्या पावट्यास ‘हितकिद बेळे’ म्हणतात. महाराष्ट्रात, विशेषतः कोकणपट्टीत, कडवे वाल भिजवून, मोड आणून आणि सोलून त्यांच्या डाळिंब्या करतात व बिरडे शिजवितात. पीक एकच, प्रक्रिया भिन्न. सालीतील टॅनिन आणि कडवटपणा काढून टाकणे हा दोन्हींचा परिणाम.

वेळ, इंधन आणि धोरण

या सर्व क्रियांना कोणाचा तरी वेळ लागतो. राष्ट्रीय वेळ वापर सर्वेक्षण २०२४ नुसार विनामोबदला घरकामात सहभागी असलेल्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात, तर पुरुष ८८ मिनिटे. पीण्या किंवा बोम्मनहळ्ळी येथील कारखान्यात सकाळी कामावर जाणाऱ्या स्त्रीला अख्ख्या हुलग्याऐवजी तूरडाळ सोयीची वाटते, ते अज्ञानामुळे नव्हे, तर वेळेच्या टंचाईमुळे. भिजवणे आणि मोड आणणे यांना हाताचे श्रम थोडे लागतात, आदल्या दिवशीचे नियोजन मात्र लागते, आणि ते घरातील कोणीही करू शकते. पोषणशिक्षण केवळ स्त्रियांपुरते मर्यादित ठेवल्यास हा मुद्दा दुर्लक्षित राहतो.

धोरणाच्या पातळीवरही धान्याचे रूप महत्त्वाचे ठरते. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ याने तांदूळ, गहू आणि भरड धान्ये यांचा हक्क दिला. कडधान्ये त्यात नाहीत. कोरोना साथीच्या काळात, २०२० मध्ये, प्रधानमंत्री गरीब कल्याण अन्न योजनेखाली प्रथम प्रतिकुटुंब दरमहा एक किलो डाळ, आणि जुलै ते नोव्हेंबर या काळात एक किलो अख्खे चणे देण्यात आले. अख्खे चणे गिरणीवाचून थेट वाटता येतात, हा प्रशासकीय लाभ. पण त्यांसाठी इंधन आणि वेळ कुटुंबाला खर्चावा लागतो, ही त्याची दुसरी बाजू. पी. एम. पोषण योजनेत प्राथमिक वर्गातील विद्यार्थ्यामागे दररोज २० ग्रॅम आणि उच्च प्राथमिक वर्गात ३० ग्रॅम कडधान्यांचे प्रमाण निश्चित आहे. ही कडधान्ये भिजवून वा मोड आणून शिजविल्यास तेवढ्याच ग्रॅममधून मुलांना अधिक पोषण मिळू शकते, आणि त्यासाठी अतिरिक्त धान्याची तरतूद लागत नाही.

समारोप

कडधान्यांचा प्रश्न उत्पादन, किंमत आणि उपयोग या तीन स्तरांवर सोडवावा लागतो. पहिल्या दोन स्तरांवर अभियाने, हमीभाव आणि राखीव साठे कार्य करतात. तिसरा स्तर घराघरांतील पातेल्यात असतो. अन्नसुरक्षेच्या व्याख्येत उपलब्धता आणि क्रयक्षमता यांच्याबरोबर अन्नाचा शरीरात होणारा उपयोग हाही आधारस्तंभ मानला जातो, त्याचे कारण हेच. रात्री भिजविलेले मूठभर चणे, त्यांचे बदललेले पाणी, उशिरा घातलेली चिंच आणि वरून पिळलेले लिंबू, या गोष्टींसाठी अंदाजपत्रकात कोठेही तरतूद नसते. तरीही देशात पिकणाऱ्या आणि परकीय चलन देऊन आणलेल्या प्रत्येक किलो कडधान्याचे अंतिम मूल्य त्यांवरच ठरते.